खालचं छत, वरची जमीन

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता जिने चढू देतो हे वाचून बरं वाटलं. माझी प्रकृती ठीक. पोस्टातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी टपाल यायच्या वेळी मी दारात उभा असतो, आणि नवा पोस्टमन तिकिटावर शिक्का अर्धवट मारलेली पाकिटं आणतो म्हणून त्याला बोलतो. तो ऐकून घेतो. शिक्के काही सुधारलेले नाहीत.

आता मुख्य विषय. आमच्या बैठकीच्या खोलीत लाकडी छताला गोल भोकं पाडून आत बसवलेले दिवे तुला आठवत असतील. तू त्यांना पाहून ऑपरेशन थिएटरात आल्यासारखं वाटतं असं म्हणाली होतीस. ते बिघडले आहेत. संध्याकाळी लावले की झकास लागतात. मग काही वेळाने माझ्या खुर्चीवरचा दिवा आपला आपण विझतो, पाठोपाठ त्याच्या शेजारचा. थोड्या वेळाने कोणी न सांगता पुन्हा लागतात. मी बल्ब बदलून पाहिले, बटणं बदलून पाहिली. वर्तमानपत्र वाचताना बातमी अर्ध्यावर सोडून अंधारात बसून राहायचं, याची मला आता सवय होऊ लागली आहे आणि तेच मला पसंत नाही.

ही भोकं जिथे आहेत तिथे बरोबर वर कोणाची खोली आहे ते तुला माहीत आहे. मी कोणावर आळ घेत नाही. पण माझं छत तीच वरच्यांची जमीन, आणि तिच्यावर बसून कोण काय उद्योग करतं ते मला दिसत नाही. तरी तू वर पत्र टाकून विचारावंस की दिव्यांच्या तारांना कोणाचा हात लागला आहे काय. खुलासा लेखी असावा.

लोभ आहेच, तो तुझ्या पत्रागणिक वाढता राहो.

तुझा,
अण्णा


ता. ८ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटलेल्या शिंप्याला बाळ म्हणताना मला कसंतरी होतं, पण आपल्या घरात तुला दुसरं काही म्हणायचं कोणाला सुचलंच नाही.

तुझ्या पायाखाली राहणाऱ्या तुझ्या सख्ख्या भावाने माझ्यामार्फत विचारलं आहे की त्याच्या छतातले दिवे विझतात ते तुझ्यामुळे का. हे पत्र त्याने त्याच्या दारातून माझ्या गावाला पाठवलं आणि माझ्या गावाहून ते आता त्याच दारावरून तुझ्याकडे चाललं आहे. मी हॉस्पिटलात मेट्रन होते तेव्हा सर्जनची भांडणं मिटवली. तुम्ही दोघं मात्र माझ्या हाताबाहेरचे.

आणि भांडण तरी कशावरून? अण्णाच्या निवृत्तीच्या समारंभासाठी तू कोट शिवलास. तो चारचौघांत म्हणाला, डावी बाही आखूड झाली. तू चारचौघांत म्हणालास, बाही बरोबर आहे, हात लांब आहे. झालं. तेव्हापासून एका जिन्याच्या दोन टोकांना राहता आणि बोलता माझ्या पत्त्यावरून. फोन करावा तर अण्णा लेखी कळव म्हणून ठेवून देतो, आणि तुला मशीनच्या खडखडाटात घंटी ऐकूच येत नाही. त्याची बायको गेल्यापासून तो एकटा, तू तर पहिल्यापासूनच एकटा. तुमच्या घरातल्या बातम्या मला इथे बसून तुम्हाला कळवाव्या लागतात.

तर तारांना हात लावलास का, ते कळव. जेवण वेळेवर घेत जा.

माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मी त्याच्या तारांना हात लावलेला नाही. मला माझे धागे सांभाळायला वेळ पुरत नाही, त्याच्या तारांशी मला काय करायचंय? उलट त्याच्यासाठी मी जे केलं ते ऐक आणि मग ठरव.

मागच्या हिवाळ्यात तूच त्याची तक्रार मला कळवली होतीस, की माझ्या मशीनचा आवाज त्याच्या डोक्यात घण घालतो. मी कधी कोणाच्या डोक्यात घण घातलेला नाही. एका रविवारी दुकान बंद ठेवलं, मशीन बाजूला सरकवलं, जमिनीच्या फळ्या उचकटल्या आणि खालची सगळी पोकळी कतरणांनी भरून काढली. कोंबल्या नाहीत हो, रचल्या. तळाला जाड लोकर, मध्ये कोटाचं कापड, वर सुती, कडेने अस्तराचे तुकडे. मध्ये त्याच्या दिव्यांचे डबे आले. त्यांनाही लोकरीत छान गुंडाळलं, बोट जाईल एवढी फट ठेवली नाही. माझी कंबर त्यानंतर आठवडाभर सरळ होत नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कोटातही मी इतकं चांगलं भरण घातलेलं नाही.

आवाज कमी झाला, असं त्याने तुला कधी कळवलं का? नाही. माझी तशी अपेक्षा नव्हती. म्हणजे थोडी होती.

आणि बाही बरोबर होती. टेप खोटं बोलत नाही.

लोभ करतेसच, तो जरा माझ्या बाजूला झुकता ठेव.

तुझा,
बाळ


ता. १५ मार्च

चि. अण्णास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तुझ्याकडे वायरमन येऊन गेलेला असेल. तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून मीच त्याला पाठवलं आहे. तू त्याला लेखी काही मागू नकोस, त्याला थेट वर जाऊ दे.

धाकट्याने तुझे दिवे लोकरीत गुंडाळले आहेत. तुझ्याच तक्रारीवरून, तुझ्या डोक्याला त्रास होऊ नये म्हणून. तापणाऱ्या दिव्यांना लोकरीचं पांघरूण! वाचलं आणि तशीच उठून फोनपाशी गेले. एक तक्रार पोस्टाने करणारा आणि दुसरा ती इतकी मनावर घेणारा, असे भाऊ शोधून सापडायचे नाहीत. वायरमन होय म्हणेपर्यंत त्या खोलीतला एकही दिवा लावायचा नाही. टेबललॅम्पवर वाच.

काळजीत आहे, तरी आशीर्वाद नेहमीइतकेच.

तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वायरमन आला होता. इसम बोलका आहे, काम करताना सारखा काही ना काही गुणगुणतो, आणि चहा झाल्यावर पुन्हा चहा चालेल का असं आपणच विचारतो. काम मात्र नीट करतो.

त्याला वर जाऊन फळ्या उघडाव्या लागल्या. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबलो. वरच्यांचं म्हणणं तो जिन्यात येऊन मला मोठ्याने सांगे आणि माझं वर जाऊन त्यांना सांगे. वरच्यांचं म्हणणं मला त्यांच्या स्वतःच्या आवाजात आधीच ऐकू आलेलं असे, पण मी वायरमनला मध्ये तोडलं नाही. त्याला ही पद्धत आवडल्यासारखी वाटली.

निष्कर्ष असा, की दिवे बिघडलेलेच नव्हते. प्रत्येक दिव्याच्या डब्यात एक कटआउट असतो. डबा फार तापला की तो दिवा बंद करतो आणि निवला की चालू करतो. लोकरीमुळे डब्यांना वारा नव्हता, म्हणून ते तापत होते आणि कटआउट आपलं काम इमानाने करत होता. माझ्या खुर्चीवरच्या डब्याभोवतीची लोकर पार तपकिरी पडली होती. वायरमनने ती हातात चुरून दाखवली. त्यावर वरून बसकन कोणी खाली बसल्याचा आवाज आला. वायरमनला मी त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

सगळं भरण पोत्यांत घालून बाहेर काढलं आहे, फळ्या तूर्त न ठोकता नुसत्या ठेवल्या आहेत. आता दिवे विझत नाहीत. मात्र वरचं सगळं खाली ऐकू येतं. मशीन तर येतंच, शिवाय कात्री, खुर्ची, चपला. सकाळी खोकला असतो. औषध घेत असल्याचं आवाजावरून वाटत नाही. हे फक्त तुझ्या माहितीसाठी.

वायरमनच्या मते हे जुने दिवे काढून नवे एलईडी बसवावेत. ते मागून बंद असतात, कडेला रबरी कडं असतं, तापत नाहीत, वीज कमी खातात. त्यांच्यावर उद्या कोणी गादी घातली तरी भीती नाही. हवा, धूळ, आवाज, काही आरपार जात नाही. मी होकार दिला आहे. तो एका शाळेच्या कामात गुंतलेला आहे, सवड झाली की येईल. मलाही घाई नाही.

तुझा जीव टांगणीला लागला त्याबद्दल वाईट वाटतं. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
अण्णा


ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

अण्णाने सगळं कळवलंच असेल. ती जळकी लोकर पाहिली आणि मी होतो तिथेच खाली बसलो. त्याच्या बरोबर डोक्यावर गं. मी माझ्या हातांनी रचलेली. दोन दिवस मशीनला पाय लावला नाही.

आता त्याला नवे दिवे नको म्हणावं. माझी कारणं अशी. एक, एलईडीचा उजेड पांढराफटक असतो, त्यात काळं आणि निळं कापड सारखंच दिसतं. तो कापड बेतत नाही हे मला माहीत आहे, पण त्याचे मोजे निळे आणि काळे आहेत. दुसरं, चालू दिवे काढून फेकणं हे पोस्टातल्या माणसाला शोभत नाही. तिसरं कारण मी तुला लिहितो, त्याला कळवू नकोस.

ताई, फळ्यांखाली आता काही नाही आणि फळ्या पूर्वीसारख्या ठोकलेल्याही नाहीत. दिव्यांच्या कडेने उजेड वर येतो आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाज येतो. तो बोलतो. वहिनी गेल्यापासून हा माणूस कोणाशी बोलत असेल, याचा मला घोर लागला होता. जाऊन विचारायचं तोंड नव्हतं. आता कळलं, तो वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याशी बोलतो. एकेक सूचना मोठ्याने वाचतो, स्वतःच उत्तर देतो, स्वतःच स्वतःला गाढव म्हणतो. लहानपणी मला म्हणायचा अगदी त्याच सुरात. परवा 'लोखंडाला लागतो, सोन्याला लागत नाही, दोन अक्षरी' असं होतं. याने मार म्हटलं. मार सोन्यालाही लागतो, कोणत्याही सोनाराला विचार. मी वर बसून गंज, गंज म्हणत होतो, पण मनात. शेवटी टाच आपटली. तो थांबला, छताकडे बघितलं असावं, आणि मग पुढची सूचना वाचली, जरा जास्तच मोठ्याने.

त्याचं कोडं संपल्याशिवाय मी आता जेवायला उठत नाही. माझ्या खोलीत इतक्या वर्षांनी घरच्या माणसाचा आवाज येतो आहे. तो रबरी कडं लावून बंद करणार. मला ते सोसायचं नाही. तू काहीतरी कर, पण माझं नाव न घेता.

तुझ्यावाचून कोणाला सांगू? लोभ असाच पाठीशी राहू दे.

तुझा,
बाळ


ता. २८ मार्च

चि. अण्णास,
अनेक आशीर्वाद.

नव्या दिव्यांविषयी लिहायचं आहे. मी विचार केला, आणि मला वाटतं की तू ते बसवू नयेस. जुने चालू आहेत, धोका काढून टाकला आहे, मग खर्च आणि पसारा कशाला? उजेडही पांढराफटक पडतो म्हणे. मोज्यांची जोडी चुकायची.

आडून आडून लिहिणं मला जमत नाही, तेव्हा सरळ लिहिते. तू वरचं ऐकतोस तसं वरचाही तुझं ऐकतो. तुझं कोडं त्याला रोज ऐकू येतं. लोखंडाला गंज लागतो, मार नव्हे. त्याला ते केव्हाच आलं होतं. तुझा आवाज कानावर पडतो म्हणून त्याचा दिवस बरा जातो. हे लिहू नकोस असं त्याने मला बजावलं होतं, पण तुम्हा दोघांचं ऐकत बसले तर मी मरेन आणि तुम्ही एकमेकांना ते तारेने कळवाल. दिवे राहू देत.

आशीर्वादांबरोबर थोडी अक्कलही पाठवते आहे, पोच दे.

तुझी,
ताई


ता. १ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अकलेची पोच देतो.

मी खोलीत एकटा असताना काय बोलतो ते वर ऐकू जातं, हे मला कोणी आधी सांगितलं नाही. मी केवळ कोडं वाचतो असं नाही. कधी गातो. कधी हिच्याशी बोलतो. ती असताना दिवसभरातलं तिला सांगायची सवय होती, ती काही गेलेली नाही. हे सगळं एक माणूस माझ्या डोक्यावर बसून ऐकत होता. पोस्टात इतकी वर्षं काढली, पण दुसऱ्याचं पाकीट मी कधी उजेडासमोर धरून पाहिलं नाही.

वायरमनला निरोप धाडला आहे. शाळेचं काम बाजूला ठेवून तो उद्याच येतो म्हणाला.

गंज हे उत्तर मला दुसऱ्या दिवशीच्या अंकावरून कळलं होतं.

राग तुझ्यावर नाही. लोभात खंड नसावा.

तुझा,
अण्णा


ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

नवे दिवे बसले. वायरमन वर येऊन फळ्या पुन्हा नीट ठोकून गेला. आता कडेने उजेड येत नाही. आवाज येत नाही. काम चांगलं झालं आहे.

तू त्याला सांगितलंस. मला वाटलंच होतं. तुला बोल लावत नाही.

एक सूट शिवायला आला आहे, पण हात चालत नाही.

तुझा,
बाळ


ता. ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या दिव्यांबद्दल अहवाल देतो. उजेड भरपूर आहे. पांढराफटक म्हणतात तसा नाही, वायरमनने पिवळसर आणले होते. मोजे ओळखू येतात. संध्याकाळपासून झोपेपर्यंत एकही दिवा विझत नाही. हात लावून पाहिलं, कोमट देखील होत नाहीत. वायरमन सांगत होता त्यातलं काहीही खोटं निघालं नाही. आवाजाचंही.

पहिल्या दिवशी मी कोडं मनातल्या मनात सोडवलं. शेवटाला जायला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून पाहिलं, तर आपण कोणासाठी वाचतो आहोत असं झालं. हिच्याशी बोलायला लागलो, तर तेही नीट होईना. एवढे दिवस मी हिच्याशी बोलत होतो की आणखी कोणी ऐकतंय या बेताने बोलत होतो, ते मला आता सांगता येणार नाही. वरचं काहीच कळत नव्हतं. मशीन चालतं का, जेवण झालं का, खोकला कमी आहे की वाढला. पूर्वीही कळत नव्हतं, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

परवा दुपारी दिवा पुसायला स्टुलावर चढलो. नवा दिवा असला तरी पुसावा लागतो. पुसताना कान दिव्याजवळ आला. काही ऐकू आलं नाही. ही मशीनची वेळ. मी कान जरा टेकवला, तरी नाही. काल पुन्हा चढून पाहिलं, आजही पाहिलं. एवढा चांगला दिवा मी आजवर पाहिलेला नाही.

मग आज मी वर गेलो. मशीनचा आवाज येत नाही अशी तक्रार करायची होती, आणि ती तुझ्यामार्फत केली असती तर उत्तर यायला आठवडा गेला असता.

दार उघडंच होतं. बाळ जमिनीवर पालथा पडलेला होता. मी त्याला हाक मारली. त्याने मान वर केली. त्याच्या गालावर फळीचा वळ उमटलेला होता. तो माझ्या खुर्चीच्या बरोबर वर, फळीला कान लावून पडला होता.

मी काय करतोस असं विचारलं. तो म्हणाला, सुई पडली आहे, ती शोधतोय. मी विचारलं, कानाने? तो म्हणाला, सुई बारीक आहे.

मी तक्रार केली नाही. चष्मा लावला, गुडघे टेकले आणि मीही शोधायला लागलो. त्याने मला खिडकीची बाजू दिली आणि स्वतः कपाटाची घेतली. जमीन स्वच्छ झाडलेली होती आणि तिच्यावर काहीही पडलेलं नव्हतं, हे मला पहिल्या नजरेतच दिसलं होतं. त्यालाही दिसत असणार, त्याची नजर माझ्याहून चांगली आहे. पण आम्ही चहाच्या वेळेपर्यंत शोधलं. मध्ये त्याने मला औषधाची बाटली दाखवली, ती भरलेलीच आहे. मी त्याला एक चमचा माझ्यासमोर घ्यायला लावला. त्याने तोंड वाकडं केलं आणि घेतला.

सुई मिळाली नाही. तो म्हणाला, अशी सुई एका दिवसात सापडत नसते. मलाही तसंच वाटतं. उद्या सकाळी जेवणाआधी पुन्हा शोधायला बसायचं ठरलं आहे.

त्यामुळे यापुढे माझं पत्र वेळेवर आलं नाही तर काळजी करू नये. लोभ आम्हा दोघांवर सारखा असावा.

तुझा,
अण्णा